दगड कुणाचा आणि त्याच्यावर गुदरलं काय? एका कार्बनी कॉन्ड्राइटची ओळख पटवताना

काळाखडा

नमस्कार मंडळी. गेले दोन महिने एक काळा दगड माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलाय. तुमच्यातल्या जाणकारांची मदत हवी आहे म्हणून हा धागा.

सरावासाठी आमच्या मार्गदर्शकांनी मला चिठ्ठी नसलेला अशनीचा एक तुकडा दिला, साधारण चार ग्रॅमचा, आणि त्यासोबत त्याचाच एक घासायचा बाकी असलेला छेद. नाव नाही, कुठे पडला ते नाही. "कार्बनी कॉन्ड्राइट आहे एवढं धरून चाल. गट आणि प्रकार तू सांगायचास," इतकंच सांगितलं. (कॉन्ड्राइट म्हणजे बारीक गोळे असलेली दगडी अशनी; पुढे येणारी सीव्ही, सीएम, सीओ ही कार्बनी कॉन्ड्राइटच्या गटांची नावं.) जे दिसलं ते दिसलं त्या क्रमाने लिहितो, अडचण शेवटी आहे. लांबलंय, पण तुटक विचारलं तर उत्तरंही तुटकच मिळतील.

नुसत्या डोळ्यांनी: एका बाजूला वितळून गोठलेली साल जेमतेम नखाएवढी शिल्लक आहे. मळकट काळी, बारीक भेगांची. आतला भाग कोळशासारखा, हात लावला तर काजळी लागेल असं वाटावं असा. त्यात पांढुरके ठिपके. दहापट भिंगाखाली धरल्यावर हे ठिपके दोन जातींचे निघाले. काही गोलसर, करडे, कडा स्वच्छ असलेले, हे कॉन्ड्रूल, म्हणजे वितळून गोठलेले सिलिकेटचे गोळे. काही वेडेवाकडे, दुधाळ, पिंजलेल्या कापसासारखे. हे सीएआय, म्हणजे कॅल्शियम-ॲल्युमिनियमने भरलेले पुंजके. सीव्ही गटातल्या अशा पुंजक्यांचं शिशाच्या समस्थानिकांवरून काढलेलं वय ४५६.७ कोटी वर्षं येतं. सूर्यमालेतच तयार झालेलं आणि वय काढता आलेलं याहून जुनं घन द्रव्य नाही. माझ्या तुकड्यातला सगळ्यात मोठा पुंजका अर्ध्या मिलिमीटरचाही नाही, तरी तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी बराच वेळ भिंग बाजूला ठेवलं नाही.

मग छेद. आरपार प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली निम्म्याहून जास्त भाग काळाच राहतो. ३० मायक्रॉन जाडीतूनही उजेड पार होत नाही, कारण मॅट्रिक्सचे, म्हणजे गोळ्यांमधल्या बारीक भरणीचे, कण मायक्रॉनपेक्षा लहान आणि त्यात सल्फाइड, मॅग्नेटाइट आणि कार्बनी द्रव्य मिसळलेलं. त्या काळोखात ऑलिव्हिन या सिलिकेट खनिजाचे कण तेवढे रंगीत चमकतात. त्यामुळे खरं काम परावर्तित प्रकाशात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच झालं.

१४० कॉन्ड्रूल मोजले. सरासरी व्यास ०.२६ मिमी आला. छेद प्रत्येक गोळ्याच्या मध्यातून जात नाही, त्यामुळे खरा आकार याहून थोडा मोठा असणार हे धरलंय. आडव्या-उभ्या जाळीवर बिंदू मोजून प्रमाण काढलं: मॅट्रिक्स आणि कॉन्ड्रूलभोवतीच्या कडा मिळून सुमारे ६८ टक्के, कॉन्ड्रूल आणि त्यांचे तुकडे २२ टक्के, बाकी सीएआय, सुटे ऑलिव्हिन, कार्बोनेट, सल्फाइड. मॅट्रिक्समध्ये धातू जवळजवळ नाहीच. पण काही कॉन्ड्रूलच्या आत, मॅग्नेशियमने समृद्ध ऑलिव्हिनच्या स्फटिकात पूर्ण बंदिस्त झालेले निकेल-लोहाचे मणी तसेच चकचकीत आहेत.

दोन गोष्टी जवळून सांगतो.

पहिली, कडा. बहुतेक प्रत्येक कॉन्ड्रूलभोवती बारीक धुळीची एकसंध झूल आहे. मोठ्या कॉन्ड्रूलभोवती जाड, लहानांभोवती पातळ. एका ठिकाणी कॉन्ड्रूल अर्धा तुटलाय आणि झूलही त्याच रेषेत तुटलीय. म्हणजे झूल आधी बसली, तुटणं नंतर झालं.

दुसरी, मॅट्रिक्समधले ठिगळ. इलेक्ट्रॉनच्या चित्रात ते आजूबाजूपेक्षा उजळ दिसतात आणि आत तंतूंची गुंतवळ. क्ष-किरणांच्या वर्णपटात लोह, गंधक, मॅग्नेशियम, सिलिकॉन, ऑक्सिजन, थोडं निकेल. मी याला तोचिलिनाइट आणि क्रॉनस्टेडटाइट या पाण्याच्या संपर्कात बनणाऱ्या खनिजांची गुंफण समजतोय. जुन्या लेखांत यांना नुसतंच "नीट न ओळखलेले घटक" म्हणायचे.

इथपर्यंत सगळं सीएमकडे बोट दाखवतंय. अडचण अशी: छेदाच्या एका कोपऱ्यात, साधारण तीन मिमीच्या पट्ट्यात, चित्रच वेगळं आहे. तिथे कॉन्ड्रूलचा आकार दिसतो, झूल दिसते, पण आतला ऑलिव्हिन गायब. जागा सगळी सर्पेंटाइन या पाणीदार खनिजाने घेतलेली. उजळ ठिगळ फार कमी. कॅल्साइटच्या जोडीला मॅग्नेशियम असलेलं कार्बोनेट, बहुधा डोलोमाइट. आणि उरलेल्या छेदात ऑलिव्हिन बऱ्यापैकी शाबूत.

मग मी याला काय म्हणू? सीएम२? सीएम१? दोहोंच्या मधलं काही? की हे सीएमच नाही?

---

कुतूहल

वाचनखूण साठवली. विषय मला नवा आहे, म्हणून एक अगदी प्राथमिक प्रश्न: "कार्बनी" म्हणजे यात कार्बन किती? कोळशासारखा म्हणताय तर भरपूर असणार?

---

स्फटिकप्रेमी

@कुतूहल, प्रश्न प्राथमिक नाही, नावच फसवं आहे. सीआय गटात वजनाने ३ ते ४ टक्के कार्बन, सीएममध्ये २ टक्क्यांच्या आसपास, सीव्ही आणि सीओमध्ये एक टक्क्याहूनही कमी, सीकेमध्ये तर नाममात्र. उलट युरेलाइट नावाच्या अशनींमध्ये सीएमपेक्षा जास्त कार्बन सापडतो आणि त्या कॉन्ड्राइटही नाहीत. नाव पडलं ते रंगावरून आणि पहिल्या काही नमुन्यांवरून.

आज हे कुटुंब ठरतं ते वेगळ्या खुणांनी. कॅल्शियम, ॲल्युमिनियम, टायटॅनियम यांसारखी उच्च तापमानाला घन होणारी मूलद्रव्यं सिलिकॉनच्या तुलनेत सीआयइतकी किंवा त्याहून जास्त. ऑक्सिजनची तीन समस्थानिकं मोजली तर बहुतेक गट पृथ्वीवरच्या दगडांच्या रेषेखाली पडतात. सीआय मात्र त्या रेषेला अगदी चिकटून असतो. आणि २०११ मध्ये पॉल वॉरन यांनी दाखवलं की क्रोमियम आणि टायटॅनियमच्या समस्थानिकांवर ग्रहद्रव्याचे सरळ दोन कळप पडतात, कार्बनी आणि बिगर-कार्बनी, मधे रिकामी जागा. दोन्ही द्रव्यं सूर्याभोवतीच्या तबकडीत वेगवेगळ्या भागांत वाढली आणि एकमेकांत फारशी मिसळली नाहीत. गुरूच्या वाढत्या गाभ्याने वाट अडवली, असं एक मत आहे.

म्हणजे "कार्बनी" हा शब्द आता घटकापेक्षा घराण्याचं नाव म्हणून वाचायचा.

---

रानवारा

उत्तम धागा. काळाखडा, चुंबक लावून पाहिलात का? धातू किती ते लगेच कळेल.

---

पातळकाप

चुंबकाचं आधी बोलते, कारण ते तातडीचं आहे. लावू नका. हातातला निओडिमियमचा चुंबक एकदा टेकला की दगडातली जुनी चुंबकीय नोंद पुसली जाते, आणि ती परत येत नाही. वायव्य आफ्रिका ७०३४ ही मंगळावरून आलेली अशनी घ्या. तिच्या जोडीच्या तुकड्यांवर मंगळाच्या प्राचीन चुंबकक्षेत्राची नोंद शोधायला गेले, तर हाताळणाऱ्यांच्या चुंबकांनी ती आधीच झाकून टाकलेली. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. कार्बनी कॉन्ड्राइटमध्ये तर सूर्याभोवतीच्या मूळ तबकडीच्या क्षेत्राची खूण असू शकते. धातूचा अंदाज हवाच असेल तर चुंबकग्राह्यता मोजणारं छोटं यंत्र वापरा, त्याचं क्षेत्र अगदी मंद असतं. सीएममध्ये आकडा कमी येतो, मॅग्नेटाइटने भरलेल्या सीकेमध्ये जास्त, धातूवाल्या सीआर आणि सीएचमध्ये त्याहून जास्त.

आता मूळ प्रश्न. काळाखडा, निरीक्षणं फार मनापासून केलेली आहेत, झुलीच्या तुटण्याचं निरीक्षण तर मला विशेष आवडलं. पण तुम्ही दोन वेगळे प्रश्न एका दमात विचारताय आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

दगड कुणाचा, हा एक प्रश्न. त्याचं उत्तर म्हणजे गट. आणि पुढे त्याच्यावर गुदरलं काय, हा दुसरा. त्याचं उत्तर म्हणजे प्रकार. व्हॅन श्मस आणि वुड यांनी १९६७ मध्ये हीच दोन अक्षं वेगळी काढली. अक्षरं घराणं सांगतात, आकडा आयुष्य सांगतो. ३ म्हणजे फारसं काही न घडलेला. ३ वरून ६ कडे गेलात तर उष्णता वाढते, २ आणि १ कडे आलात तर पाण्याचं काम वाढतं. जुन्या वाचकांना १ म्हणजे सगळ्यात अस्पर्श असं वाटायचं, कारण सीआयचं रसायन सूर्याशी जुळतं. पण रसायन शाबूत आणि खनिजं पूर्ण बदललेली, हे दोन्ही एकाच दगडात खरं असू शकतं.

म्हणून गट ठरवताना पाण्याने न हलणाऱ्या खुणा बघा. कॉन्ड्रूलचा आकार, त्यांचं प्रमाण, सीएआयची जात. खनिज बदललं तरी गोळ्याची बाह्यरेषा बहुधा राहते. तुमच्या त्या कोपऱ्यात नेमकं तेच झालंय.

या खुणांवर तपासू. सीव्ही असता तर कॉन्ड्रूल मिलिमीटरच्या आसपास आणि सीएआय डोळ्यांत भरतील एवढे. आयेन्दे या सीव्ही अशनीमध्ये ते सेंटिमीटरपर्यंत जातात. बाद. सीआरमध्ये कॉन्ड्रूल ०.७ मिमीच्या घरात, त्यांच्याभोवती आणि आत धातूच्या मण्यांच्या माळा. धातू इतका की परावर्तित प्रकाशात छेद चमचमतो. बाद. सीकेमध्ये ऑलिव्हिन लोहाने समृद्ध आणि जवळजवळ सगळीकडे सारखा, मॅग्नेटाइट भरपूर, आणि बहुतेक नमुने तापलेले, ४ ते ६ प्रकारचे. बाद. सीबीमध्ये तर निम्म्याहून जास्त धातूच. सीआयमध्ये कॉन्ड्रूल जवळपास नसतातच.

उरले सीएम आणि सीओ. इथे घाई करू नका. ही दोन घराणी चुलत आहेत. सीओचे कॉन्ड्रूल ०.१५ मिमीच्या आसपास आणि दाटीवाटीने बसलेले, मॅट्रिक्स एक तृतीयांशाच्या जवळ. सीएमचे ०.३ च्या आसपास, विरळ, मॅट्रिक्स दोन तृतीयांशाच्या पुढे. तुमचे आकडे सीएमच्या बाजूला आहेत, झूल आणि तोचिलिनाइटची गुंफणही सीएमचीच ओळख. पॅरिस नावाच्या अशनीसारखा, पाणी अगदी कमी लागलेला नमुना असता तर मात्र हा निर्णय इतका सोपा नसता.

एक विचारायचं राहिलं. वर्णपटातून काढलेल्या घटकांच्या टक्क्यांची बेरीज तुम्ही १०० वर बसवलीत का?

---

काळाखडा

ताई, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. "घराणं" आणि "आयुष्य" वेगळं करायचं हे वाचून वहीत दोन रकाने पाडले आणि सगळी निरीक्षणं पुन्हा वाटून लिहिली. निम्म्या गोष्टी मी चुकीच्या रकान्यात धरत होतो.

हो, बेरीज १०० वर बसवलेली होती. यंत्राची सवयच तशी लावलेली आहे. का विचारलंत?

---

पातळकाप

कारण त्या बसवण्यात पाणी लपतं. सर्पेंटाइनमधला हायड्रोजन यंत्राला दिसत नाही. प्रमाण-नमुन्यावर जुळवणी करून, बेरीज न ताणता मोजलंत, तर ऑलिव्हिनची बेरीज १०० च्या जवळ येईल आणि मॅट्रिक्सची ८० ते ८८ च्या दरम्यान. ही तूट म्हणजे चूक नाही, तो मोठा पुरावा आहे. थोडी तूट सच्छिद्रतेची आणि कार्बनचीही असते, पण मुख्य वाटा पाण्याचा. कोपऱ्यातल्या सर्पेंटाइनवर आणि बाकीच्या मॅट्रिक्सवर दहा-दहा बिंदू घ्या आणि दोन्हींची तूट शेजारी ठेवून बघा.

---

मोजपट्टी

पातळकाप यांच्याशी बहुतांशी सहमत. पण प्रकाराबाबत थोडं पुढे जायला हवं. नुसतं "सीएम२" म्हणणं फार ढोबळ आहे. ॲलन रुबिन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सीएमसाठी २.६ ते २.० अशी उतरंड दिली. मॅट्रिक्समधला धातू किती उरला, कॉन्ड्रूलमधले सिलिकेट किती बदलले, त्या तंतुमय ठिगळांमध्ये सिलिकॉनच्या तुलनेत लोह आणि गंधक किती, कार्बोनेट साधं कॅल्साइट की डोलोमाइटसारखं मिश्र, अशा खुणांवर. या मोजपट्टीवर मर्चिसन ही सीएम अशनी २.५ ला बसते.

काळाखडा यांच्या मुख्य भागात धातू संपलाय पण ऑलिव्हिन शाबूत, म्हणजे २.४ च्या आसपास. कोपऱ्यात डोलोमाइट आहे आणि सिलिकेट पूर्ण गेलेत, म्हणजे २.० किंवा २.१. क्षेत्रफळाप्रमाणे भारित सरासरी काढली तर २.३. माझ्या मते तेच लिहावं.

---

पातळकाप

उतरंडीचा वापर करा, त्याला अनुमोदन. सरासरीला मात्र ठाम विरोध आहे.

सरासरी काढली की तुम्ही अशा दगडाचं वर्णन करता जो अस्तित्वातच नाही. त्या छेदात २.३ चा एकही चौरस मिलिमीटर नाही. एक भाग कमी भिजलेला आहे, दुसरा खूप भिजलेला, आणि दोघं शेजारी आले ते नंतर. सीएम गटातले बरेच दगड असेच तुकड्यातुकड्यांचे बनलेले असतात. मूळ लघुग्रहावर धडका बसल्या, कुठून कुठून खडी उडाली, पुन्हा एकत्र दाबली गेली. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी इंग्लंडमध्ये पडलेल्या विंचकमच्या अशनीत आठ वेगवेगळे खडक-प्रकार ओळखले गेले, आणि ते जवळजवळ सगळी उतरंड व्यापतात, २.० पासून २.६ पर्यंत. तिची सरासरी काढून काय कळणार?

दुसरं, आकडा कुठल्या मोजपट्टीवरचा ते लिहिल्याशिवाय तो टाकू नका. क्ष-किरणांनी पाणीदार सिलिकेटचा एकूण वाटा मोजून केलेली दुसरी उतरंड आहे, तीत ३ ते १ असा सलग प्रवास आहे, आणि तिथे मर्चिसन दीडच्या आसपास येते. दगड तोच, आकडे २.५ आणि १.५. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण न सांगता वापरले तर वाचणारा खड्ड्यात पडतो.

काळाखडा, कोपऱ्याची सीमा नीट तपासा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. बदल हळूहळू होत जातो की एका रेषेवर तुटतो?

---

मोजपट्टी

सरासरीबद्दल तुमचं पटलं. मी ती सूचना मागे घेतो. सीमेचं निरीक्षण आधी व्हायला हवं हेही खरं.

---

उष्णमापी

एक शक्यता कुणीच मांडली नाही म्हणून लिहितोय. कोपऱ्यात उजळ ठिगळ कमी आहेत, ते केवळ जास्त पाण्यामुळेच असं धरू नका. तापल्यानेही तोचिलिनाइट जातो. तो नाजूक आहे, २५० अंश सेल्सियसच्या आसपासच मोडायला लागतो. पाण्याने बदललेला दगड नंतर तापला, असे सीएम बरेच आहेत. तोमोकी नाकामुरा यांनी २००५ मध्ये याचे चार टप्पे मांडले: पहिला ३०० अंशांखाली, दुसरा ३०० ते ५००, तिसरा ५०० ते ७५०, चौथा त्याच्या वर. दुसऱ्या टप्प्यात सर्पेंटाइनची स्फटिकरचना ढासळते, क्ष-किरणात त्याची रेघ नाहीशी होते. चौथ्यापर्यंत पाणी निघून जाऊन बारीक दुय्यम ऑलिव्हिन तयार होतो.

इथे सूक्ष्मदर्शक फसवतो, कारण तापूनही पोत बराचसा तसाच राहतो. सर्पेंटाइनचा आकार दिसतो, आत सर्पेंटाइन नसतं. म्हणून क्ष-किरण विवर्तन कराच. तोचिलिनाइटच्या रेघा १०.८ आणि ५.४ अँगस्ट्रॉमला, सर्पेंटाइनची सुमारे ७.२ ला. दोन्ही भागांतून कणभर कणभर भुकटी वेगळी घ्या, एकत्र नको. आणि बेरजेतली तूट पुन्हा बघा: कोपरा तापलेला असेल तर तूट कमी झालेली असेल.

---

कुतूहल

वाचतोय. धागा सुरू झाल्यापासून रोज येऊन बघतो. एक प्रश्न: या सगळ्याला किती दगड लागतो? चार ग्रॅममध्ये इतक्या चाचण्या होतात?

---

स्फटिकप्रेमी

होतात, जपून केलं तर. विवर्तनाला काही मिलिग्रॅम पुरतात, ऑक्सिजन समस्थानिकांनाही दोन-चार मिलिग्रॅम. तुलनेसाठी सांगतो: र्‍युगू लघुग्रहावरून हायाबुसा-२ ने डिसेंबर २०२० मध्ये आणलेला सगळा माल ५.४ ग्रॅमचा होता, आणि त्यावर जगभरात काम चाललंय.

नवी अशनी अधिकृत करून घ्यायची असेल तर मात्र मिटिऑरिटिकल सोसायटीचा नियम आहे: एकूण वजनाच्या २० टक्के किंवा २० ग्रॅम, यातलं जे कमी असेल तेवढा नमुना मान्य संस्थेत कायमचा ठेवावा लागतो. पुढे कुणाला वर्गीकरण तपासायचं झालं तर दगड हाताशी हवा.

---

काळाखडा

तीन आठवड्यांनी परत आलोय. काम केलं, आणि एक चूकही सापडली, ती आधी सांगतो.

छेदाचं शेवटचं पॉलिश मी पाण्यात केलं होतं. कापताना तेल वापरलं होतं, पण शेवटच्या टप्प्यावर हाताशी पाणी होतं आणि विचार केला नाही. दोन दिवसांनी कडेच्या एका भेगेत पांढरी बुरशीसारखी रेघ उमटलेली दिसली. वर्णपटात मॅग्नेशियम, गंधक, ऑक्सिजन. म्हणजे सल्फेट. क्षणभर वाटलं, काहीतरी मोठं सापडलं. मग तारखा जुळवल्या. पहिल्या दिवशीच्या चित्रात ती भेग कोरी आहे.

---

पातळकाप

चूक लिहिलीत हे फार चांगलं केलंत, पुढच्या दहा जणांचे छेद वाचतील. आणि या फसगतीला मोठी परंपरा आहे. १४ मे १८६४ रोजी फ्रान्समध्ये ओर्गेय पडली, सीआय गटाचा सगळ्यात मोठा साठा. तिच्यात पांढऱ्या सल्फेटच्या शिरा आहेत, आणि लघुग्रहावर पाणी भेगांमधून वाहत होतं याचा पुरावा म्हणून त्या दीर्घकाळ दाखवल्या गेल्या. २००१ मध्ये गुनेल आणि झोलेन्स्की यांनी जुनी वर्णनं चाळली. १८६४ च्या लोकांनी दगड बारकाईने पाहिला होता आणि त्यांच्या लिखाणात शिरांचा उल्लेखच नाही. शिरा संग्रहालयाच्या कपाटात, हवेतल्या ओलाव्याने तयार झालेल्या. पुढे र्‍युगूचा माल आला, सीआयशी जुळणारा, आणि त्यात सल्फेटच्या अशा शिरा नव्हत्या.

पाण्याचं नुकसान दुसऱ्या बाजूनेही होतं. बेन्नू लघुग्रहावरून सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १२१.६ ग्रॅम नमुन्यात सोडियमचे क्षार सापडले, खारं पाणी आटत गेल्यावर मागे राहतात तसे. २०२५ मध्ये ते जाहीर झालं. पृथ्वीवर पडलेल्या दगडात हे क्षार पहिल्या पावसातच विरघळतात, आणि उरले असतील ते आपण पॉलिश करताना धुतो. सुटलेला तुकडा आता कोरड्या नायट्रोजनमध्ये, निदान सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

---

काळाखडा

ठेवला, ताई. आता निकाल.

सीमा: एका रेषेवर तुटते. इलेक्ट्रॉनच्या चित्रात सलग अडीच मिमी ती रेषा पाहिली. दोन ठिकाणी ती कॉन्ड्रूलला मधोमध छेदते. कोपऱ्याकडचा अर्धा आहे, दुसरा अर्धा पलीकडे नाहीच. म्हणजे कोपरा हा बाहेरून आलेला तुकडा, आणि तो भिजला होता इथे येण्याआधी. पाणी जागेवर मुरलं असतं तर अर्धा कॉन्ड्रूल हरवला नसता.

बेरीज: न ताणता मोजली. ऑलिव्हिन ९९ ते १००.५. मुख्य भागाचं मॅट्रिक्स ८५ च्या आसपास, कोपऱ्याचं ८३. कोपऱ्यात तूट कमी झालेली नाही, उलट किंचित जास्त.

विवर्तन: मुख्य भागात १०.८, ५.४ आणि ७.२, तिन्ही रेघा स्वच्छ. कोपऱ्यात ७.२ ची रेघ उंच आणि धारदार, ५.४ अगदी फिकट पण आहे. @उष्णमापी, म्हणजे तापलेलं नाही असं मी धरतोय. बरोबर ना?

---

उष्णमापी

बरोबर. सर्पेंटाइनची रेघ धारदार आहे आणि तोचिलिनाइटचा अंश उरलाय, म्हणजे दोन्ही भाग पहिल्या टप्प्यातच आहेत. शंका मिटली. सीमेवर तुटलेल्या कॉन्ड्रूलचं चित्र जमलं तर इथे लावा.

---

मोजपट्टी

मग मांडणी अशी सुचवतो: गट सीएम, प्रकार २, तुकड्यांपासून बनलेला खडक. मुख्य भाग रुबिन यांच्या उतरंडीवर २.४, आत २.० ते २.१ चा तुकडा. मोजपट्टीचं नाव ठळकपणे लिहा. ऑक्सिजन समस्थानिकं झाली तर गटावर शिक्कामोर्तब होईल. सीएमचे आकडे सीओच्या बाजूने सुरू होऊन वर पसरतात, पाणी लागलेला भाग वरच्या टोकाला. दोन्ही भाग वेगवेगळे मोजलेत तर ती चढण तुमच्या एकाच छेदात दिसेल.

---

पातळकाप

या मांडणीला माझं पूर्ण अनुमोदन. भर एवढीच की अहवालात सरळ लिहा, हा निष्कर्ष एका छेदावरून, तीन मिमीच्या एका तुकड्याबद्दल आहे. चार ग्रॅममध्ये आणखी तिसऱ्या जातीचा तुकडा निघू शकतो.

---

काळाखडा

अहवाल तसाच लिहून दिला. मार्गदर्शकांनी शेवटपर्यंत वाचला, कोपऱ्याच्या सीमेचं चित्र दोनदा मोठं करून पाहिलं आणि म्हणाले, "नाव नंतर सांगतो. आधी दुसऱ्या टोकाचा छेद कर." तो काल कापला, तेलात, आणि या वेळी पॉलिशही शेवटपर्यंत तेलातच. पहिल्या नजरेत एका बाजूला कॉन्ड्रूल फारच दाट बसलेले दिसतायत. मोजायला घेतलेत, आकडे आणि उष्णमापींनी मागितलेलं चित्र, दोन्ही एकदमच टाकतो.